रुखवताची मावशी

“म्हंजे एक नुसती पाटी, आन दुसरा फळा,” आत्या म्हणाल्या आणि सुपारीच्या नवरदेवाला फेटा गुंडाळत राहिल्या.

मी मघापासून त्यांना समजावत होते. वेबसाइट दोन प्रकारची असते. स्टॅटिक म्हणजे चार पानं एकदाच करून ठेवायची. नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर. काही बदलायचं झालं तर जाणकारानं बसून बदलायचं. डायनॅमिक म्हणजे तिच्यामागे माहितीचा साठा असतो. आपण घरात बसून एक तारीख भरली की समोरच्या पानावर ती आपोआप दिसते आणि गिऱ्हाइकाला कळतं, कुठला संच कुठल्या दिवशी मोकळा आहे. माझ्या संगणकाच्या डिप्लोमाची अशी पाटी आणि फळा झालेली मला काही आवडली नाही, पण चूक काढायलाही जागा नव्हती.

“हो, तसंच,” मी म्हणाले. “आणि आपल्याला फळा पाहिजे.”

“आपल्या धंद्याला पाटी बास हाय. फळ्यावरचं कुनीबी वाचतं.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, शालन जगदाळे. आमच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे सासूला आत्याच म्हणतात. कराडमध्ये घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा व्यवसाय होता आणि गंमत म्हणजे त्या घराला पाटीसुद्धा नव्हती. त्या रुखवत भाड्याने देत. सुपारीची सप्तपदी, मोत्यांची तुळस, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, क्रोशाचे रुमाल, भातुकलीचा अख्खा संसार. लग्नात हे सगळं टेबलांवर मांडायचं आणि मुलीच्या आईनं म्हणायचं, “आमच्या पोरीनं हातानं केलंय हो.” पोरी कॉलेजात, नोकरीत, बसच्या धक्क्यांत. त्यांना कुठला वेळ! मग आया आमच्याकडे येत. हातात भाजीची पिशवी घेऊन, इकडेतिकडे बघत, शेजारच्या घरात आल्यासारखं करून पटकन आमच्या दारात शिरत.

लग्नाच्या दिवशी आत्या पहाटे टेम्पोतून जाऊन मांडामांड करत आणि मग घरी यायच्या ऐवजी चांगलं लुगडं नेसून कार्यालयातच थांबत. पोरं सुपारीचे नवरदेव खिशात घालतात, म्हणून राखण हवी. कोण म्हणून थांबायचं? तर मुलीची मावशी म्हणून. मुलीची आई तशीच ओळख करून देई. आत्या पंगतीत जेवत, विहिणींशी गप्पा मारत, मुलीची खणा-नारळानं ओटी भरत आणि वरात गेली की सामान पेटीत भरून परत. “रुखवत मागनं पाठवतो” असं सासरच्यांना म्हणायचं, आणि पुढे घरातल्या गडबडीत कोण विचारतंय! निम्म्या तालुक्यातल्या पोरींच्या त्या मावशी होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. मी त्यांना चिडवायचे, “आत्या, तुमच्या आईला किती मुली हो?” त्याही हसत.

वेबसाइटचं खूळ माझंच. पण कारण खरं होतं. आदल्या हंगामात माझ्या नवऱ्यानं, धैर्यशीलनं, फोनवर सुपारीची सप्तपदी एका घराला कबूल केली आणि त्याच तारखेला आत्यांनी दुसऱ्या घराला. अखेर आत्यांनी रात्र-रात्र जागून तुळशीचा नवा संच उभा केला, तेव्हा कुठे निभावलं. म्हणून धैर्यशील माझ्या बाजूनं होता.

“आई, करू दे की तिला. तारखांचा घोळ तरी मिटंल.”

आत्यांनी नवरदेवाचा फेटा पुरा केला, त्याला नवरीशेजारी उभा केला आणि मग माझ्याकडे बघितलं.

“कर बाई. पर एकच सांगते. कुठली वस्तू कुणाच्या लग्नाला गेली, हे कुनाला दिसता कामा न्हाई. तारीख दाखव, फोटू दाखव. नाव न्हाई.”

“नाही दाखवणार.”

“बघ हं. त्या पोरींची अब्रू हाय ती.”

महिन्याभरात साइट उभी राहिली. रात्री स्वयंपाकघर आवरलं की मी संगणकापुढे बसायचे. प्रत्येक संचाचं पान, पानावर दिनदर्शिका, बुकिंग झालेले दिवस लाल. मी आत एक तारीख भरायचे आणि बाहेर तो चौकोन लाल व्हायचा. मला इतका आनंद व्हायचा की एकदा नुसतं बघायला म्हणून मी खोटी तारीख भरली आणि पुसली. लग्नानंतर या घरात माझ्या हातानं केलेली ही पहिलीच गोष्ट होती, बाकी सगळं आत्यांचं होतं.

पण फोन येईनात. एक आला तो पुण्याहून. बाई चौकस होत्या. “साइट छान आहे हो, पण कुणी घेतं का तुमच्याकडून? काही दिसत नाही तसं.” माझ्या मनाला ते लागलं. आमच्या सरांनी शिकवलं होतं, गिऱ्हाइकाला गिऱ्हाइकं दाखवा. मी पहिल्या पानावर खाली एक पट्टी केली, ‘अलीकडची बुकिंग’. आत नोंद भरली की संचाचं नाव, तारीख, गाव आणि दोन्ही घरांची आडनावं त्या पट्टीतून आपोआप सरकत जायची. फक्त आडनावंच तर आहेत, मी स्वतःला सांगितलं. आणि आत्या कुठे इंटरनेट बघतात!

त्याच आठवड्यात आत्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा नव्हता.

“चाललंय न्हवं नीट?”

“चाललंय.”

“नावं न्हाईत न्हवं कुठं?”

पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर सरकत होती. “नाहीत,” मी म्हणाले.

पट्टीनंतर फोन वाढले, हेही खरं आहे. ते मी धैर्यशीलला दोनदा सांगितलं.

मार्चमध्ये मंगलताई दुदुस्कर आपल्या लेकीला घेऊन आल्या. लेक म्हणजे सारिका. एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून थेट आली होती. आई संच निवडत होती आणि ही भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपत होती. मध्येच डोळे उघडून म्हणाली, “मावशी, मला टाके काढता येतात हो. घालता येत नाहीत.” आत्या खो-खो हसल्या. त्यांना पोरगी एकदम आवडली.

हसताना त्यांनी हात वर केला आणि सारिकाची झोप उडाली.

“बघू ते बोट.”

आत्यांना आठ दिवसांपूर्वी सुई टोचली होती. बोट सुजून टम्म झालं होतं आणि त्या त्यावर हळद लावून काम करत होत्या. सारिकानं पर्समधून कापूस काढला, मला गरम पाणी मागितलं, आत्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. काय केलं ते दिसलंसुद्धा नाही. आत्या मंगलताईंशी बोलत होत्या त्या बोलतच राहिल्या आणि बोलणं संपायच्या आत पट्टी बांधून झाली होती.

“दुखलं कसं न्हाई गं?” आत्यांनी पट्टीकडे बघत विचारलं.

“दुखवायचं नसतं,” सारिका म्हणाली.

मंगलताईंचा घोळ वेगळाच होता. बैठकीत मुलाच्या आईनं विचारलं, शिवणटिपण येतं का. मंगलताई बोलून गेल्या, येतं म्हणजे काय, रुखवताचं सगळं तीच करतेय, रोज रात्री बसते. मुलाची आई म्हणजे कोरेगावच्या बर्ग्यांच्या जयमालाबाई. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आम्हाला हुंडा नको, मानपान नको, मुलीनं केलेलं रुखवत तेवढं डोळे भरून बघू.

“रोज रात्री मी आयसीयूत बसते,” सारिका म्हणाली. “मावशी, खरं सांगून टाकूया का त्यांना? माणसं वाईट नाहीत. लग्नानंतर ड्युटी करायलासुद्धा हो म्हणाल्यात.”

“गप गं,” मंगलताई म्हणाल्या. “जमलेल्या लग्नात आता नवं काही नको.”

सारिकानं आत्यांकडे बघितलं. आत्या म्हणाल्या, “आम्ही हाय की. कशाला काळजी करतीस?”

त्यांनी सगळ्यांत चांगला संच दिला. सप्तपदीचा. त्यातल्या सात सुपारीच्या जोड्यांना सात तऱ्हेची वस्त्रं होती आणि आत्यांना त्याच्यावर एक अख्खा पावसाळा लागला होता. मी त्याच संध्याकाळी नोंद भरली. चौकोन लाल झाला.

लग्न मे महिन्यात होतं, कराडमध्येच, नदीकाठच्या कार्यालयात. त्या दिवशी मीही गेले होते, आत्यांचं बोट अजून पुरतं बरं नव्हतं म्हणून मांडायला. अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या आणि बायका रुखवताभोवती जमल्या. मंगलताई एकेक वस्तू दाखवत होत्या. आत्या टेबलाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या, मावशी म्हणून. जयमालाबाईंनी सप्तपदीतली एक जोडी हातात घेतली, फिरवून बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “सून मिळावी तर अशी.” सारिका शालू नेसून बाजूला उभी होती. ती खाली बघत होती.

जयमालाबाईंच्या नणंदेची मुलगी लग्नाची होती. ती नणंद चांगल्या मनानंच म्हणाली, “असलं काही आपल्या पिंकीला पण करू या. बघते मोबाइलवर, काय काय असतं ते.” तिनं ‘रुखवत’ एवढंच शोधलं असणार. माझी साइट पहिल्या पानावर यावी म्हणून मी किती खटपट केली होती, ते मला माहीत. ती आली.

“अगंबाई,” नणंद म्हणाली. “वहिनी, हे बघा की. हीच सप्तपदी. हीच.”

जयमालाबाईंनी मोबाइल घेतला. फोटो बघितला, टेबलाकडे बघितलं. बोटानं वर सरकवलं, आणखी वर सरकवलं. मग त्यांचं बोट थांबलं.

“मंगलताई,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. “ह्याच्यात आपलं नाव आहे. दुदुस्कर आणि बर्गे. भाड्याने, असं लिहिलंय.”

मंगलताईंच्या हातातली खोबऱ्याची वाटी टेबलावर वाजली. सारिकाच्या चेहऱ्यावरची हळद तेवढी पिवळी होती, बाकी चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आत्ता जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं.

आत्या खुर्चीतून उठल्या.

“बघू. मला बारीक दिसत न्हाई.” त्यांनी मोबाइल घेतला आणि माझ्या हातात दिला. “वृषाली, वाच गं. मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. माझीच पट्टी, माझीच अक्षरं. “सुपारीची सप्तपदी संच. भाड्याने. दुदुस्कर–बर्गे विवाह. कराड.”

आत्या माझ्याकडे बघत होत्या. एक क्षणभरच. मग त्या जयमालाबाईंकडे वळल्या आणि हसल्या.

“मग बरोबर हाय की विहीणबाई! ह्या पोरीनंच केलंय ते, माझ्याकडं बसून. माझा भाड्याचा धंदा हाय, झाकायचं काय त्यात? हिनं केलेलं मी भाड्यानं देते. हिच्या लग्नाच्या तारखेला दुसऱ्या कुनी मागू न्हाई म्हणून तारीख अडवली. म्हणून नाव घातलं. व्हय का न्हाई गं?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सारिकासुद्धा.

“हो,” मी म्हणाले.

जयमालाबाई काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी मोबाइल नणंदेला दिला आणि सप्तपदी पुन्हा नीट बघितली.

“मावशी ना तुम्ही हिच्या?”

“मावशी म्हनती मला. शिकवलं त्याला मावशी म्हनायचं न्हाई तर काय म्हनायचं?”

“तसं असेल तर मग हे सगळं आज मुलीबरोबर आमच्याकडे येईल. तिचंच आहे म्हणता.”

“येनार की,” आत्या म्हणाल्या. “तिचंच हाय.”

संध्याकाळी आत्यांनी स्वतःच्या हातानं सगळं पेट्यांत भरलं आणि पेट्या वरातीच्या गाडीत ठेवल्या. मी मदतीला गेले, तर म्हणाल्या, “तू राहू दे.” निघताना त्यांनी सारिकाची ओटी भरली. सारिका पाया पडायला वाकली आणि वाकल्या वाकल्या म्हणाली, “मावशी, आता?”

“रविवारी येत जा. चार गोष्टी शिकवते. तेवढ्यावर भागंल.”

परतीच्या रिकाम्या टेम्पोत आम्ही दोघी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे एकही पेटी नव्हती, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात टेम्पो उडत होता. मी रडत होते. आत्या पुढे बघत होत्या. घर जवळ आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “नावं न्हाईत, म्हनाली होतीस.”

त्या बोलल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच रात्री सगळं पुसून टाकलं. दिनदर्शिका, नोंदी, पट्टी, संचांची पानं. मग एकच पान करून ठेवलं. ‘शालन जगदाळे, कराड’ आणि फोन नंबर. सकाळी आत्यांना दाखवायला गेले.

“ही पाटी,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावून बघितलं. “फोटू?”

“नाही ठेवला.”

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून ठेवला. तेवढ्यानं माझं मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही.

सारिका खरंच यायला लागली. कोरेगावहून दर रविवारी, एसटीनं. साताऱ्याच्या एका दवाखान्यात ड्युटी लागली होती. कधी रात्रपाळी करून यायची आणि आत्यांसमोर बसून सुपारीला डोळे काढायची. सुरुवातीला आम्ही हसायचो, कारण तिच्या नवऱ्या सगळ्या तिरळ्या व्हायच्या. पण तिचा हात मुळातच बारीक कामाचा होता, तो लवकर बसला. आत्या खूश होत्या. मला वाटायला लागलं की चला, जे झालं ते बरंच झालं. खोटं होतं ते खरं होतंय.

मग पिंकीचं लग्न ठरलं. जयमालाबाईंनी सगळ्या पाहुण्यांत सांगून ठेवलं होतं, रुखवत आमची सून करणार. पिंकीनंतर चुलतदिराचं, मग भावकीतलं आणखी एक. कौतुक नुसतं ओसंडून वाहत होतं. रविवारी येणारी सारिका बुधवारीही यायला लागली. मी विचारलं, “ड्युटी?”

ती मोती ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “सोडली.”

आत्यांचा हात थांबला.

“कुनी सोड म्हनलं?”

“म्हणलं कुणी नाही. सासूबाई म्हणाल्या, हातात एवढी कला असताना लोकांची बेडपॅनं कशाला उचलायची? चांगल्या मनानं म्हणाल्या. रोज म्हणाल्या. मग यांनाही पटलं.”

“आन तुला?”

सारिकानं दोऱ्याला गाठ मारली आणि दातानं तोडली. “मला आयसीयू आवडायचं, मावशी.”

आत्या उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज येत राहिले, पण त्या बाहेर आल्या नाहीत. मी सारिकाजवळ सरकले.

“तू सांग ना त्यांना. नाहीतर मी येऊन सांगते.”

“काय सांगणार? मावशी भर मांडवात खोटं बोलल्या, हे?” ती हसली. “त्या माझ्यासाठी बोलल्या. त्यांना आता खोटं कसं पाडू मी? आणि आईला काय तोंड दाखवू?”

इतके दिवस मी तिला सांगितलं नव्हतं. आत्यांनीही सांगितलं नव्हतं. घरात तो विषयच कुणी काढत नसे.

“सारिका, ती पट्टी मी मुद्दाम केली होती. आत्यांनी बजावलं होतं, नावं नकोत म्हणून. मी त्यांना नाहीत म्हणून सांगितलं आणि ठेवली. मला...”

“माहितीये मला,” ती म्हणाली. “तिथंच कळलं होतं. मावशींनी तुम्हाला वाचायला सांगितलं ना, तेव्हा तुम्ही मोबाइलकडे बघतच नव्हता. पाठ होतं तुम्हाला.”

तिनं पुढचा मोती सुईत घेतला. मला वाटलं ती आणखी काही बोलेल, चार शब्द सुनावेल. मी वाट बघत होते. ती म्हणाली, “ताई, जरा तो लाल दोरा द्या.” मी दिला.

आता त्याला बरीच वर्षं झाली. सारिका कोरेगावात स्वतःच रुखवतं करते, विकत आणि भाड्यानेही. दोन मुलं आहेत. मी पुढे वेबसाइट करायचंच काम घेतलं. शाळांच्या, डॉक्टरांच्या, दूधसंघाच्या कितीतरी केल्या. लोक विचारतात, मॅडम, स्टॅटिक घ्यावी की डायनॅमिक? मी आधी विचारते, तुमच्या गिऱ्हाइकाला काय लपवायचं असतं? ते चमकून बघतात. डॉक्टरांना तेवढं पटकन कळतं.

गेल्या पावसाळ्यात आत्यांना न्यूमोनिया झाला. आठवडाभर दवाखान्यात होत्या. सारिकाला कळलं तशी ती आली, डब्यात पेज आणि पदराखाली कागदात गुंडाळलेली सुपारीची एक जोडी घेऊन. नवरी तिरळी होती. “मावशी, ही पहिली,” ती म्हणाली. “तुम्ही टाकून दिली होती. मी ठेवली होती.” आत्यांना बोलायला त्रास होत होता. त्यांनी ती जोडी मुठीत धरली आणि डोळे मिटले.

आम्ही दोघी हळू आवाजात बोलत बसलो. मुलांच्या शाळा, जयमालाबाईंचे गुडघे. बोलता बोलता सारिका थांबली. तिची नजर वर सलाइनच्या बाटलीकडे गेली होती. थेंब पडत नव्हते आणि नळीत खालून लाल रंग वर चढला होता. मी सिस्टरला हाक मारायला उठले.

सारिका माझ्याआधी उठली होती. तिनं आत्यांचं मनगट अलगद सरळ केलं, खाली एक घडी घातलेला टॉवेल सरकवला, सुईजवळ बोट ठेवून बघितलं. नळीचं चाक फिरवलं, वरच्या डबीला नखानं टिचकी मारली. लाल रंग खाली उतरला. थेंब सुरू झाले. मग ती बाटलीकडे बघत उभी राहिली, थेंब मोजताना ओठ किंचित हलत होते, आणि तिनं चाक अगदी थोडं मागे घेतलं. आत्यांची झोपही मोडली नव्हती, असं मला वाटलं.

दारात सिस्टर उभी होती. नवी, तरणी पोर. ती रागवायच्या बेतानं आली असावी, पण थेंबांकडे बघून तिचा चेहरा बदलला.

“तुम्ही सिस्टर आहात का, मॅडम? कुठं असता ड्युटीला?”

सारिकानं पदराला हात पुसले.

“नाही हो,” ती म्हणाली. “मी रुखवतं करते.”

आत्या जाग्या होत्या. त्यांनी सुपारीची जोडी मुठीत तशीच ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.